सुचवेल त्यानंच करायचं

मी ज्या कारखान्यात काम करते तिथं प्लॅस्टिकच्या चटया विणल्या जातात. जळगावात हे मुद्दाम सांगण्यासारखं काही नाही, इथं प्रत्येकाच्या नात्यात कुणी ना कुणी चटईच्या कारखान्यात असतंच. माझ्याकडे दोन कामं होती. गावोगावच्या दुकानदारांना माल पाठवायचा, आणि त्यातला जो परत येईल त्याबद्दल फोनवर ऐकून घ्यायचं. पहिल्या कामाला डिस्पॅच म्हणत. दुसऱ्याला नाव नव्हतं, पण दिवस त्यातच जाई.

दर शनिवारी जेवणानंतर शेठजींच्या केबिनमध्ये मीटिंग असे. शेठजी म्हणजे आमचे मालक. त्यांच्या आजोबांनी राजस्थानातून येऊन इथं दुकान टाकलं होतं. शेठजी स्वतः आमच्यापेक्षा शुद्ध मराठी बोलतात, आणि फार कमी बोलतात. मीटिंगभर ते खिडकीपाशी बसून सुपारी कातरत. बाकीचे आम्ही सूचना करत असू.

सूचनांना तोटा नव्हता. 'गेटपाशी झाडं लावायला पाहिजेत.' 'लूमच्या हॉलमधले पंखे बदलायला पाहिजेत.' 'गाड्यांना वेळ ठरवून द्यायला पाहिजे.' या 'पाहिजे'ची गंमत अशी की त्यात माणूसच नसतो. झाडं लावायची हे ठरतं, कुणी लावायची ते व्याकरणातच राहून जातं. या कलेत आमचे स्टोअरकीपर भाऊ उस्ताद होते. ते रोज नशिराबादहून येत, आणि येताना बसमध्येच त्यांना काहीतरी सुचलेलं असे. ते डोळे मिटून, एक बोट वर करून बोलायला लागले की खरंच वाटायचं, कारखाना आता कुठल्या कुठे जाणार. मग चहा यायचा. चहा झाला की सगळे आपापल्या जागी, आणि कारखानाही आपल्या जागी.

एकदा भाऊंनी सुचवलं की कच्च्या मालाची पोती बाहेर पत्र्याखाली ठेवतात, ती आत घ्यायला पाहिजेत. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. प्लॅस्टिकचे दाणे ओले झाले की ते वाळवल्याशिवाय मशीनला चालत नाहीत, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पुढच्या आठवड्यात भलत्याच वेळी वादळ आलं, पत्रा उडाला आणि पोती भिजली. दोन दिवस अर्ध्या लूम बंद आणि अंगणभर दाणे वाळत घातलेले. आणि त्या दाण्यांभोवती उभं राहून प्रत्येक जण एकमेकाला अभिमानानं सांगत होता, "मी बोललो होतो ना?"

हे भैयाजींनी ऐकलं. भैयाजी म्हणजे शेठजींचे चिरंजीव. पुण्यात मॅनेजमेंट शिकून नुकतेच परत आले होते आणि मीटिंग आता तेच घेत. त्या शनिवारी ते बसलेच नाहीत, उभ्याउभ्याच म्हणाले, "आजपासून 'पाहिजे' बंद. जो सुचवेल, तोच करेल. कसं करणार आणि कधीपर्यंत, तेही त्यानंच सांगायचं."

भाऊंनी बोट वर केलं. "आणि भैयाजी, ज्याला काही सुचलंच नाही त्याला?"

"त्याला काय? त्याला काही नाही."

केबिनमधल्या प्रत्येकानं हे वाक्य नीट लक्षात ठेवलं.

पुढच्या शनिवारी कारखान्यात एकही अडचण उरली नव्हती. भैयाजींनी एकेकाला विचारलं. प्रॉडक्शनचं छान चाललं होतं. विजेची काही कुरकुर नव्हती. भाऊ म्हणाले, "स्टोअरचं बठ्ठं व्यवस्थित शे, भैयाजी." एरवी ऑफिसात ते आमच्यासारखंच बोलत, घाबरले की मात्र गावची बोली तोंडात यायची. त्याच्या पुढच्या शनिवारीही तसंच. चहा लवकर येऊ लागला. असे बरेच शनिवार गेले.

मग एकदा शेठजींनी अडकित्ता खाली ठेवला. "हा नियम कोणी सुचवला होता?" त्यांनी मुलाला विचारलं.

"मी."

"मग?"

एवढंच. पुन्हा अडकित्ता हातात घेतला. भैयाजींचे कान लाल झालेले मला दिसले. आम्ही सगळे टेबलाकडे बघत बसलो. मालक-मालकांत चाललेलं असताना नोकरानं टेबलाकडे बघावं, हे कुणी शिकवावं लागत नाही.

भैयाजींचं एक मला तेव्हापासून आवडतं. ते पुढच्या शनिवारी आले आणि सरळ म्हणाले, "नियम माझा होता आणि तो अर्धाच होता. तुमच्या अंगावर काम टाकलं, पण हातात काही दिलं नाही. आता जो सुचवेल त्याला त्याच्या रोजच्या कामातून वेळ मिळेल, लागेल ते सामान मिळेल. फसलं तर बोलणी बसणार नाहीत. फक्त फसलं, तर ते त्यानं स्वतः इथं येऊन सांगायचं. दुसऱ्याच्या तोंडून मला कळता कामा नये."

 आणि सगळ्यांच्या आधी माझं तोंड उघडलं.

त्याला कारण होतं. त्या दिवशी सकाळीच धुळ्याच्या दुकानदारानं मला फोनवर झापलं होतं. आमच्या चटयांच्या कडेला पट्टी शिवलेली असते. ती पट्टी कोपऱ्यात उसवायची. चटई धड, रंग धड, फक्त कोपरा तोंड वासून बसलेला. अशा चटया ट्रकनं जळगावला परत यायच्या आणि आम्ही त्या भंगारात टाकायचो. मी म्हणाले, "नुसता कोपराच तर शिवायचा असतो. धुळ्यातच दुकानापाशी शिलाई मशीन ठेवलं, आणि गिऱ्हाइकाला तिथल्या तिथं फुकट शिवून दिलं, तर चटया परत येणारच नाहीत."

सगळे माझ्याकडे वळले. तारेत करंट आहे का, ते हात लावून बघणाऱ्याकडे लोक जसे बघतात, तसे.

"उत्तम," भैयाजी म्हणाले. "करा ताई."

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, "तुला सुचवायला कुणी सांगितलं होतं?" मग जेवताना तोच म्हणाला, "धुळ्यात माझी बहीण आहे की. ब्लाउज शिवते. तिला बसव." सुचवलं त्यानं आणि केलं मी. भैयाजींचा नियम आमच्या मेहरूणमधल्या घरापर्यंत पोचलेला नव्हता.

माझी नणंद माझ्यापेक्षा लहान आहे, पण बोलायला माझ्यापेक्षा मोठी. तिनं उसवलेली चटई बोटांत धरून वाकवून बघितली आणि म्हणाली, "वहिनी, हे माझ्या घरच्या मशीनवर व्हायचं नाही. सुई मोडेल. जाड कामाचं मशीन द्या, मग बघू." भैयाजींनी खरंच मशीन दिलं. दुकानदारानं दुकानाचा ओटा दिला. हा धुळ्याचा दुकानदारही मूळचा मारवाडचाच, पण आता पक्का धुळेकर. सगळं गाव त्याला काका म्हणे. त्यानं हौसेनं बोर्डही रंगवून घेतला. 'चटई मोफत शिवून मिळेल.' त्यातलं 'चटई' एवढंसं होतं आणि 'मोफत' रस्त्याच्या त्या टोकावरून दिसत होतं. मला ते तेव्हा खटकायला हवं होतं. मला तो बोर्ड सुंदर वाटला.

दर बुधवारी मी पारोळ्यावरून जाणाऱ्या एसटीनं धुळ्याला जाऊन ओट्यावर नणंदेशेजारी बसू लागले. पहिलीच बाई आली ती भांडायच्या तयारीनं. काखेतली चटई आमच्यासमोर आपटून म्हणाली, "हाई चटई तुमनीच शे ना? मंग कोपरा काबर उसवना?"

"बसा अक्का," मी म्हणाले. "आत्ता शिवून देतो."

"आनि पैसा?"

"पैसे नाहीत."

ती थोडा वेळ माझ्याकडे संशयानं बघत राहिली. नणंदेनं कोपरा शिवून हातात दिला तेव्हा तिनं तो ओढून बघितला, पुन्हा ओढून बघितला, आणि भांडण फुकट गेल्यासारखी निघून गेली. पण दुपारी ती शेजारणीला घेऊन आली. शेजारणीकडेही चटई होती.

त्या महिन्यात मी फार खूश होते. जळगावला परत येणाऱ्या चटया जवळजवळ थांबल्या. माझा फोन शांत झाला. शनिवारी मी मीटिंगमध्ये ताठ बसून सांगायचे, धुळ्याला इतकी गर्दी, तितकी गर्दी. भैयाजी सगळ्यांकडे बघत, 'बघा' असं न म्हणता. भाऊ माझ्याकडे बघत नसत.

गर्दी वाढतच गेली. मग एका बुधवारी मी पोचले तर नणंदेच्या पुढ्यात एक हिरवी चटई होती. आम्ही हिरव्या चटया तेव्हा बनवत नव्हतो.

"ही आपली नाही," मी हळूच म्हणाले.

"माहीत आहे मला," ती मशीन न थांबवता म्हणाली. "पण बाई नेरहून आलीय. तिला काय सांगू, कंपनी बघून या म्हणून?"

हिरव्या चटईमागून निळ्या आल्या, कुठल्या कुठल्या गावच्या आल्या. मग चटयाच आल्या असंही नाही. खताच्या गोण्यांची ताडपत्री आली. शाळेची दप्तरं आली. एक म्हातारे आबा गाडीच्या सीटचं फाटलेलं कव्हर घेऊन आले आणि बोर्डाकडे बोट दाखवून म्हणाले, "फुकट शे ना? मंग शिवी दे ना बेटा." नणंदेनं शिवून दिलं. मी बोर्डाकडे बघितलं. ओट्याच्या पायरीवरून 'मोफत' तेवढंच दिसत होतं.

काका गल्ल्यावर बसून प्रसन्न होते. दुकानापुढे अशी रांग त्यांनी दिवाळीतही बघितली नव्हती. मी विचारलं, "काका, पुढच्या गाडीत किती रोल पाठवू?"

"नको पाठवू," काका म्हणाले.

"गेल्या गाडीलाही 'नको' म्हणालात."

"मग काय करू? घेणार कोण? जुन्या चटया तुम्ही नव्यासारख्या करून देताय. पहिले कोपरा उसवला की बाई शिव्या द्यायची, पण शिव्या देता देता नवी घेऊन जायची." ते माझी समजूत काढल्यासारखं हसले. "काम चांगलं आहे पोरी तुझं. फार टिकाऊ आहे."

परतीच्या बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली, पण बाहेर काही बघितलं नाही. शनिवारी काय बोलायचं त्याची वाक्यं जुळवत होते. 'प्रतिसाद अपेक्षेपेक्षा जास्त मिळाला.' हे खोटं नव्हतं. 'विक्रीवर थोडा परिणाम झालेला दिसतो.' हेही बरं होतं, यात परिणाम आपोआप झालेला होता. 'बाजारच थंड आहे,' हे तर कायमचंच खरं. पारोळा येईपर्यंत माझ्याकडे अशी छान चार वाक्यं तयार झाली आणि एकाही वाक्यात मी नव्हते. पोती भिजली तेव्हा अंगणात उभं राहून सगळे जे बोलत होते, त्याच जातीची ती वाक्यं होती. तिथंच ती चारही मी सोडून दिली.

शनिवारी मी म्हणाले, "धुळ्याचं माझं काम फसलं. आपण चटया इतक्या चांगल्या शिवून देतोय की नवीन कुणी घेत नाही. आणि दुसऱ्यांच्याही शिवून देतोय. हे मी आधी बघायला हवं होतं."

पहिले बोलले ते शेठजी. "म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "आपल्याच खर्चानं आपण आपलाच माल खपणार नाही याची व्यवस्था केली."

"हो शेठजी."

"आणि दुसऱ्यांच्या मालाची वॉरंटी आपण दिली."

"हो."

शेठजींचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं त्यांना ठसका लागला. त्यांना हसताना आम्ही कुणी बघितलं नव्हतं, त्यामुळे हसायचं की पाणी द्यायचं ते कुणालाच कळेना. शेवटी भैयाजी हसले, मग सगळे. मी नाही हसले. मला रडू येत होतं, पण ते सुटकेचं होतं.

हसणं ओसरल्यावर भाऊ मायेनं म्हणाले, "मला तेव्हाच वाटलं होतं ताई. फुकट म्हटलं की लोक घरातलं सगळं आणणार."

भैयाजींनी झटकन मान वळवली. "मग तेव्हाच का नाही बोललात?"

भाऊंनी मिटलेले डोळे उघडले. "बोललो असतो तर मलाच करावं लागलं असतं ना, भैयाजी."

त्या केबिनमध्ये मी इतकी वर्षं बसतेय. इतकं खरं वाक्य तिथं कुणी बोललेलं मला आठवत नाही. भैयाजींनाही ते लागलं असावं, कारण त्यांनी तिथंच नियमाला आणखी एक ठिगळ लावलं. सुचवणाऱ्यावर जबाबदारी, पण हरकत घेणाऱ्यावर नाही. ज्याला जी खोट दिसेल ती त्यानं निर्धास्त सांगावी, त्याच्या गळ्यात काम पडणार नाही.

इतक्या महिन्यांत न दिसलेला उत्साह त्यानंतर केबिनमध्ये दिसला. माणसांना सुचत नव्हतं हे खोटं होतं, आता ते उलटीकडून सुचू लागलं. भाऊंना तर नवा जन्म मिळाला. त्यांचं बोट पुन्हा वर जाऊ लागलं. कुणी म्हणालं गाड्यांची वेळ बदलतो, की भाऊ डोळे मिटून तीन संकटं सांगत.

मला धुळ्याला जाऊन काम बंद करायचं होतं. ते मी माझं मीच मागून घेतलं. नणंदेला सांगितलं तर ती म्हणाली, "तुमची कंपनी बंद करू दे. मी कशाला करू?" तिनं मशीन कंपनीकडून जुन्याच्या भावात घेतलं, काकांना ओट्याचं भाडं ठरवून दिलं आणि बोर्डावरचं 'मोफत' स्वतः रंग फासून बुजवलं. लोकांनी आठवडाभर कुरकुर केली. सीटचं कव्हर घेऊन आलेले आबा तर तिला तोंडावर म्हणाले की पहिली बाई बरी होती. पहिली बाईही तीच होती. मग लोक पैसे देऊ लागले, कारण तोवर त्यांना शिवून घ्यायची सवय लागली होती.

पण त्या ओट्यावर बसून बसून माझ्या डोळ्यांपुढून एवढे कोपरे गेले होते की मला झोपेतही कोपरे दिसत. आमची चटई कधीच भलतीकडे उसवलेली नसे. पट्टी जिथं वळते, नेमकी तिथंच. तिथं पट्टीचा एकच पदर असतो आणि सगळा ताण त्यावर येतो. मूळ दुखणं ते होतं आणि आम्ही वर्षानुवर्षं त्याची फोनवर विचारपूस करत होतो. हे शनिवारी बोलायचं की नाही, याचा मी आठवडाभर विचार केला. बोललं की माझ्याच अंगावर येणार, हे पक्कं होतं. एकदा फसलेल्या बाईला दुसऱ्यांदा फसायची हौस आहे, असंही लोक म्हणाले असते.

बोलले. "कोपऱ्यावर पट्टी डबल करून बघते मी. शिलाईच्या बायकांबरोबर बसून."

हरकतींचा पाऊस पडला. रोल जाड होईल. शिलाईला वेळ लागेल. भाऊ म्हणाले, "डबल पट्टीला सुया मोडतील. सुया माझ्याकडून जातात, मला माहीत आहे."

पहिल्या दोन हरकती वायफळ निघाल्या. तिसरी खरी निघाली. पहिल्याच दिवशी सुया अशा मोडल्या की शिलाईच्या बायका माझ्याकडे बघेनात. भाऊ स्टोअरच्या दारात उभे राहून नव्या सुया देत होते, चेहऱ्यावर अपार समाधान. पण त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून मी पर्याय शोधून बसले होते. पट्टी तिरपी कापली की दोन पदर एकावर एक जाड होऊन बसत नाहीत. दोन-तीन तऱ्हांनी कापून बघितली. एक जमली. कोपरा ओढून ओढून माझी बोटं सोलली, कोपरा मात्र उसवला नाही.

नवा माल गेला. पहिल्या महिन्यात काकांचा एकच फोन आला, तो माल आणखी पाठव म्हणून. इतर गावांहूनही तक्रारी कमी होत होत बंद पडल्यासारख्या झाल्या. शनिवारी मी हे सांगितलं तेव्हा भाऊ म्हणाले, सुयांचं त्यांनी वेळेवर सांगितलं म्हणून हे झालं. ते बरोबरच होतं. प्रॉडक्शनचे साहेब म्हणाले, कोपऱ्याचं त्यांच्या मनात फार दिवसांपासून होतं. विजेचं काम बघणाऱ्यानंही त्यात आपला वाटा असल्याचं सांगितलं, तो कोणता ते मला नीट कळलं नाही. धुळ्याचं काम माझं एकटीचं होतं. कोपरा सगळ्या कारखान्याचा झाला.

मीटिंग संपल्यावर भैयाजींनी मला थांबवलं. मला वाटलं कौतुक करतील. त्यांनी केलंही. मग म्हणाले, "ताई, परत येणाऱ्या मालाचं काम तर आता उरलं नाही. फोनही वाजत नाही. तुम्ही दुपारच्या काय करणार?"

मी टेबलाकडे बघितलं. जे सुचवेन तेच करावं लागणार होतं.

शेठजी खिडकीपाशी सुपारी कातरत होते. वर न बघताच म्हणाले, "हिला शिलाईचं खातं द्या." भैयाजी वडिलांकडे बघून हसले आणि मला म्हणाले, "ही बाबूजींची कल्पना आहे, तेव्हा काही चुकलं तर त्यांना विचारीन."

तेव्हापासून दुपारची मी शिलाईच्या हॉलमध्ये असते. तिथं बायकांच्या मशीनपुढे स्टुलं आहेत, देखरेख करणाऱ्याला जागा नाही. खुर्ची मागवायचं मनात आहे. सध्या मी चटईच्या एका रोलवर बसते. तसा तो आरामाचा आहे.